पोवळ्यासारखी बुरशी: शब्द सुचवा

जळतण: एका पुस्तकातल्या चित्राखालची ओळ मराठीत आणतोय, तीन दिवस अडलोय. कुजक्या ओंडक्यावर उगवलेली, पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेली फिकट पिवळी बुरशी. 'प्रवाळ बुरशी' लिहिलं तर बायको म्हणते, "पोवळ्याला बुरशी आली का?"

गोदाकाठ: वहिनींचं खरंय. बुरशी म्हटलं की शिळी भाकरी. 'पोवळी अळंबी' करा. पण कोणती? असल्या बहुतेक अळंब्या जमिनीतून येतात, लाकडावर थोड्याच.

जळतण: फांदीच्या टोकाला वाटीसारखा खळगा, कडेनं बारीक दाते. मुकुटच. खाली आर्टोमायसिस पिक्सिडॅटस असं नाव दिलंय.

गोदाकाठ: मग शंकाच नको. रामारिया स्ट्रिक्टा लाकडावरच वाढते, पण तिच्या टोकाला वाटी नसते. पिवळीधमक कॅलोसेरा व्हिस्कोसा असते चिकट, रबरासारखी, तीही पाइनसारख्या झाडांच्या लाकडावर. तुमची पानगळीच्या झाडांच्या मेल्या लाकडावर येते.

मास्तर: 'पोवळी' कशाला? 'प्रवालकवक' लिहा. संस्कृतात प्रवाल म्हणजे पोवळं आणि कोवळा अंकुरही. लाकडातून फुटणाऱ्या जिवाला याहून चपखल नाव नाही.

माळरान: मास्तर, अर्थ झकास, पण शब्द प्रवाळपिष्टीच्या पुडीवरचा वाटतो. वसमतला आमची आज्जी जळतणाच्या ढिगावर असलं काही दिसलं की 'कुत्र्याची छत्री' म्हणून फेकून द्यायची.

जळतण: पण हिला छत्रीच नाही ना!

माळरान: कुत्र्याला तरी कुठं असते?

मास्तर: बोलीत चालेल. छापायला नको.

गोदाकाठ: कामून नको? हिंदीवाले कुकुरमुत्ता बिनदिक्कत छापतात. त्यात तर कुत्र्याचं मूत आहे. आपण निदान छत्रीवर थांबलो.

औसेकर: मधेच बोलतो. 'पोवळी' वाचून मला आधी दगडच दिसले. आमच्या गावात विहिरीभोवती नुसते दगड रचून केलेल्या भिंतीला पवळ म्हणतात. लाल पोवळ्यांची माळ रचावी तसे दगड रचतात, म्हणून पवळ. माझा अंदाज.

मास्तर: माळ रचत नाहीत, ओवतात. अंदाज तिथंच ढासळला.

माळरान: आमच्याकडं पवळ देवळाची. विहिरीला कठडा.

औसेकर: कठडा चुन्यात बांधतात हो. पवळीत चुना नाही, माती नाही. एक दगड काढला की शेजारचे तीन हलतात, लहानपणी मार खाऊन शिकलोय.

जळतण: तूर्त 'पोवळ्यासारखी अळंबी' टाकलंय. औसेकर, त्या पवळीत फटी ठेवतात की चिपा ठोकतात?