परिसंस्थांच्या अभ्यासातील ‘स्केल’: प्रमाण, पातळी की आवाका?

विचारणा

अमेरिकेतील ‘निऑन’ या परिसंस्थांच्या राष्ट्रीय निरीक्षण-जाळ्यावर मी एक टिपण लिहीत आहे. एकूण ८१ ठिकाणी, म्हणजे ४७ जमिनीवरील आणि ३४ गोड्या पाण्यातील स्थळांवर, ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने नोंदी घ्यायच्या आणि त्या सर्वांना खुल्या करायच्या, असे त्याचे काम आहे. या नोंदींमुळे निरनिराळ्या ‘स्केल’वर परिसंस्थांचा अभ्यास करता येतो. हा ‘स्केल’ मराठीत कसा आणावा? मी ‘परिसंस्थांचा मोठ्या प्रमाणावरील अभ्यास’ असे लिहिले, पण ते मलाच खटकते. शिवाय ‘मॉनिटरिंग’साठी शासकीय मराठीतील ‘संनियंत्रण’ घ्यावे काय?

उत्तर १

आपल्याला खटकले ते योग्यच आहे. ‘मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली’ या वाक्यात ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे ‘पुष्कळ’, त्यामुळे आपल्या शब्दयोजनेचा अर्थ ‘अभ्यास पुष्कळ झाला’ असा होतो. दुसरी अडचण भूगोलाची आहे. शाळेत आपण शिकलो की गावाचा नकाशा बृहत्प्रमाण आणि जगाचा नकाशा लघुप्रमाण, कारण १:१०,००० हे गुणोत्तर १:१०,००,००० पेक्षा मोठे असते. परिसंस्थांचे अभ्यासक मात्र विस्तीर्ण प्रदेशाच्या अभ्यासालाच मोठ्या ‘स्केल’चा अभ्यास म्हणतात, म्हणजे नेमके उलट. म्हणून ‘प्रमाण’ हा शब्द नकाशाकडेच राहू द्यावा.

मुळात या एका इंग्रजी शब्दात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय प्रतिशब्द सापडणार नाही. पहिली, सर्वांत लहान मोजणी केवढ्या जागेची किंवा काळाची आहे. दुसरी, सगळ्या मोजण्या मिळून केवढा प्रदेश किंवा काळ व्यापला आहे. पहिलीला मी ‘मोजणीचे एकक’ म्हणेन आणि ते बारीक आहे की भरड हे सांगेन (पिठासाठी रोज वापरले जाणारे हे शब्द येथे चपखल बसतात). दुसरीला ‘आवाका’ म्हणेन. आपल्याच जाळ्यात पाहा: वनस्पतींची नोंद करताना २० मीटर बाजूच्या चौरस तुकड्यात १ चौरस मीटरच्या लहान चौकटी आखलेल्या असतात. ४०० चौरस मीटरमध्ये सापडणाऱ्या वनस्पतींच्या जाती १ चौरस मीटरमधील जातींच्या ४०० पट नसतात, कारण त्याच त्या जाती पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणजे एकक बदलले की उत्तर बदलते, आणि ते साध्या गुणाकाराने काढता येत नाही. याउलट विमानातून घेतलेल्या वर्णपटीय (प्रकाशाचे घटक वेगवेगळे नोंदवणाऱ्या) चित्रांत एक ठिपका जमिनीवरची सुमारे १ मीटर बाजूची जागा दाखवतो, पण चित्र संपूर्ण स्थळावर पसरलेले असते. येथे एकक बारीक आणि आवाका मोठा आहे. अशा अभ्यासाला ‘लहान’ किंवा ‘मोठा’ असे एकच विशेषण लावणे चुकीचे ठरेल.

‘पातळी’ हा शब्द येथे टाळावा. एकटा जीव, त्याच्या जातीच्या जीवांचा एका ठिकाणचा गट, तेथील सर्व जातींचा जीवसमुदाय, परिसंस्था ही जी चढती रचना आहे, तिच्यासाठी तो हवा आहे.

उत्तर २

‘संनियंत्रण’ नको. त्यात ‘नियंत्रण’ ऐकू येते आणि सापळ्यातले भुंगेरे मोजणारा माणूस कशावरही नियंत्रण ठेवत नसतो. ‘देखरेख’ हा शब्द कामगारांवर किंवा बांधकामावर शोभतो. ‘दीर्घकालीन निरीक्षण’ पुरेसे आहे. ‘वेध’ हा शब्दही विचारात घ्यावा, कारण ‘वेधशाळा’ या शब्दामागे आपल्याकडे सलग नोंदींची खरी परंपरा उभी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजणी बिघडणार म्हणून कुलाबा वेधशाळेची पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे अलिबागला हलवली गेली, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड बसावी. निरनिराळ्या स्थळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर हीच काळजी लागते.

विचारणाऱ्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘या निरीक्षण-जाळ्याच्या नोंदींमुळे, एका चौरस मीटरच्या चौकटीपासून अलास्का ते पोर्तो रिकोपर्यंतच्या आवाक्यात, मोजणीचे एकक बारीक किंवा भरड केल्यावर परिसंस्थेचे चित्र कसे बदलते हे तपासता येते.’ वाक्य लांबले खरे, पण ‘स्केल’ हा शब्द त्यात कोठेच लागला नाही.