मदत हवी आहे: ठाण्याच्या खासदारांनी लोकसभेत कोणत्या बाजूने मत दिलं, हे नावानिशी कुठे सापडेल?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

ऐरोलीतल्या आमच्या मंडळाने यंदा गणेशोत्सवात ठाणे लोकसभा मतदारसंघावर माहितीफलक लावायचं ठरवलंय. १९७७ पासून इथून निवडून गेलेल्या खासदारांचा एकेक फलक. वर कारकीर्द, खाली लोकसभेत दिलेली मतं. कोणत्याही पक्षाचा रंग लागू द्यायचा नाही, असं बैठकीत सगळ्यांनी मान्य केलंय आणि ते पाळायची जबाबदारी माझ्यावर आहे.

कारकिर्दीचा भाग होत आलाय. रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० ला. त्यांच्या निधनानंतर १९८२ च्या पोटनिवडणुकीत जगन्नाथ पाटील. १९८४ च्या लाटेत काँग्रेसचे शांताराम घोलप. मग १९८९ आणि १९९१ ला प्रा. राम कापसे, जे पुढे राज्यसभेत आणि नंतर अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल होते. १९९६ पासून लागोपाठ चार निवडणुका प्रकाश परांजपे. त्यांच्या निधनानंतर २००८ च्या पोटनिवडणुकीत आनंद परांजपे. २००९ ला संजीव नाईक, २०१४ आणि २०१९ ला राजन विचारे, २०२४ ला नरेश म्हस्के. शेवटचे दोघेही ठाण्याचे माजी महापौर.

अडलंय ते मतांपाशी. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर अलीकडच्या प्रत्येक खासदाराचं पान आहे. त्यात हजेरी मिळाली, विचारलेले प्रश्न मिळाले, भाग घेतलेल्या चर्चा आणि मांडलेली खासगी विधेयकंही मिळाली. पण अमुक विधेयकाला यांनी होकार दिला की नकार, हे त्या पानावर मिळालं नाही. बातम्यांत आकडे असतात, नावं नसतात.

निवडणूक आली की घरोघरी कार्यअहवाल येतात. त्यात समाजमंदिर असतं, व्यायामशाळा असते, रेल्वेमंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो असतो. ती कामंही हवीत, नाही कोण म्हणतंय? पण खासदाराला दिल्लीला पाठवतो ते मुळात कायदे करायला. तिथे त्यांनी हात कुठे वर केला, हे त्याच मतदारसंघातल्या माणसाला सहज कळू नये, हे मला मनापासून खटकतं. म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवत. त्याच ठाण्यात राहून आपण एवढं तरी शोधून काढायला हवं.

तर प्रश्न असे. नावानिशी मतदान कुठे नोंदलेलं असतं? १९७७ पर्यंत मागे जाता येतं का? आणि एखाद्याचं नाव यादीत नसेल तर फलकावर काय लिहावं?

मासुंदा

खाडीकाठ ताई, उपक्रम फार आवडला. पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर नुसते शोधत बसाल. लोकसभेत बहुतेक सगळं आवाजी मतदानाने मंजूर होतं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद होतच नाही. सदस्यांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून घ्यायचं मतदान, मागितली तरच नावं येतात.

आणि हे फक्त किरकोळ विधेयकांचं नाही. ऑगस्ट २०२३ मधला सरकारविरोधी अविश्वास ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. तीन कृषी कायदे रद्द करणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ ला चर्चेविना, आवाजी मतदानानेच मंजूर झालं. त्यामुळे 'आमच्या खासदाराने कृषी कायदे मागे घ्यायच्या बाजूने मत दिलं का' या प्रश्नाला कागदावर उत्तरच नाही.

तुमचा हुकमी आधार म्हणजे घटनादुरुस्त्या. कलम ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश, दोन्ही लागतात. ते मोजल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणून मतविभागणी होते. म्हणजे म्हाळगींच्या काळातली १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती, घोलपांच्या काळातली जानेवारी १९८५ ची ५२ वी, म्हणजे पक्षांतरबंदीची. या दोन्हींच्या याद्या असणारच.

कात्रणवही

याद्या कुठे, ते मी सांगतो. sansad.in वर, म्हणजे संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर, लोकसभेच्या चर्चांचा विभाग आहे, आणि जुन्या लोकसभांसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे. खासदाराच्या नावाने शोधू नका, तारखेने शोधा. त्या दिवसाचा पूर्ण वृत्तान्त उघडायचा आणि मतविभागणीपर्यंत खाली जायचं. तिथे बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशी नावं ओळीने छापलेली असतात. जुने खंड स्कॅन केलेले आहेत, शोधखिडकीत आडनाव टाकून दर वेळी सापडेलच असं नाही. डोळ्यांनी वाचावं लागतं.

वाचताना एक जपा. मतविभागणी पुकारली की लॉबी रिकामी करायला सांगतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात आणि मग सदस्य आपापल्या जागेवर बटण दाबतात. होकाराचं हिरवं, नकाराचं लाल, तटस्थाचं पिवळं. कुणाचं बटण लागत नाही, कुणाचं चुकून भलतंच दाबलं जातं, ते चिठ्ठीवर मत नोंदवतात. म्हणून अध्यक्ष निकाल सांगताना 'दुरुस्तीच्या अधीन' असं म्हणतात. छापील वृत्तान्तात यादीखाली तळटीप असते: या सदस्यांनी चिठ्ठीद्वारे मत नोंदवलं, यांनी दुरुस्त केलं. ती तळटीप न वाचता फलक रंगवलात तर एखाद्या माणसावर अन्याय होईल.

हा फरक केवढा असू शकतो बघा. एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडायला परवानगी द्यायची का, यावर १७ डिसेंबर २०२४ ला मतदान झालं. नव्या सभागृहातलं ते पहिलं इलेक्ट्रॉनिक मतदान. यंत्रावर आधी २२० विरुद्ध १४९ दिसलं. चिठ्ठ्या मोजल्यावर झालं २६९ विरुद्ध १९८.

दुसरं म्हणजे, घटनादुरुस्तीत प्रत्येक कलमावर वेगळं मत होतं आणि शेवटी पूर्ण विधेयकावर. तेच नाव एका दिवसात पाच-सहा याद्यांत दिसेल. 'एकूण मतं इतकी' असा आकडा काढू नका, तो काही सांगत नाही. शेवटची यादी धरा.

खारघर_डोंगर

आमच्यासाठीही करा ना असा फलक! पण खारघर-पनवेल मावळ मतदारसंघात येतं. नवी मुंबईतल्या कितीतरी लोकांना हे मतदानाच्या दिवशी कळतं.

खाडीकाठ

बरोबर. तो नकाशाही पहिल्या फलकावर टाकतेय. आताच्या ठाणे मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. कळवा-मुंब्रा कल्याणमध्ये. २००९ च्या आधी मात्र कल्याण वेगळं नव्हतं, तेही ठाण्यातच होतं. त्यामुळे परांजप्यांपर्यंतच्या खासदारांचा मतदारसंघ म्हणजे आजच्यापेक्षा केवढा तरी मोठा प्रदेश.

तीनहातनाका

एक शंका विचारतो, रागावू नका. १९८५ नंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं तर वाचतं, एरवी अध्यक्षांकडे प्रकरण जातं. मग हे मत खासदाराचं कसं? ते पक्षाचं. नऊ फलकांवर तुम्ही पक्षांची धोरणं लिहिणार आणि त्यावर माणसांचे फोटो लावणार. त्यापेक्षा त्यांनी विचारलेले प्रश्न लावा. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) कोणते, नियम ३७७ खाली महत्त्वाचे विषय म्हणून काय मांडलं, शून्य प्रहरात काय बोलले. तिथे माणूस दिसतो. रेल्वे, खाडी, धोकादायक इमारती, यावर कोण किती बोललं ते ठाणेकराला जास्त उपयोगी.

खाडीकाठ

रागावण्यासारखं काही नाही, हा मुद्दा आमच्या बैठकीतही निघाला होता. प्रश्न आणि भाषणं घेणारच आहे. तरीही मतं वगळायची नाहीत, असं मला वाटतं.

व्हिप आहे म्हणून मताची जबाबदारी संपत नाही. मतदाराकडे मत मागायला माणूस येतो, पक्षाचा जाहीरनामा स्वतःच्या पायाने येत नाही. व्हिप पाळून दिलेलं मतही त्याने दिलेलंच आहे. शिवाय म्हाळगींच्या काळात हा कायदाच नव्हता, तेव्हाची मतं वेगळ्या नजरेने वाचावी लागतील. कायदा लागू होण्याआधीचा आणि नंतरचा खासदार एकाच मतदारसंघात शेजारी-शेजारी दाखवता येतो, ही केवढी चांगली संधी आहे!

आणि व्हिपचाच प्रश्न ठाण्याच्या दारात येऊन गेलाय. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यावर उद्धव ठाकरे यांनी भावना गवळींच्या जागी लोकसभेतला मुख्य प्रतोद, म्हणजे व्हिप बजावणारा, म्हणून राजन विचारे यांचं नाव दिलं. त्याच महिन्यात लोकसभा अध्यक्षांनी राहुल शेवाळे यांना गटनेते आणि गवळींना प्रतोद म्हणून मान्यता दिली. आदेश कुणाचा पाळायचा हा वाद ज्या काळात देशभर गाजला, त्यात आपला खासदार थेट मध्यभागी होता. हे फलकावर यायलाच हवं.

मासुंदा

तीनहातनाका यांच्या मुद्द्याला जोडून: पक्षाने काय केलं यावरून खासदाराचं मत गृहीत धरायचं नाही, हा नियमच करा. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला ९ डिसेंबर २०१९ च्या रात्री लोकसभेत शिवसेनेने पाठिंबा दिला, ३११ विरुद्ध ८० ने ते मंजूर झालं. दोन दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाने सभात्याग केला. एकच पक्ष, एकच विधेयक. विचारेंच्या फलकावर काय लिहायचं ते लोकसभेच्या त्या दिवसाच्या यादीत पाहूनच ठरवा.

तसंच २० जुलै २०१८. मोदी सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव १२६ विरुद्ध ३२५ ने पडला आणि शिवसेना मतदानापासून दूर राहिली. तिथे नाव सापडणार नाही. पण नाव नसणं म्हणजे तटस्थ नव्हे. तटस्थाचं बटण वेगळं असतं आणि त्याची वेगळी नोंद होते. नाव नसेल तर सभात्याग, आजारपण, दौरा, काहीही असू शकतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: फक्त 'यादीत नाव नाही' एवढंच लिहा.

राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणुकीतलं मत शोधू नका. ते गुप्त असतं.

दाणाबंदर

मी मार्केटातला माणूस, एरवी इथे फक्त वाचतो. ताई, संजीव नाईकांच्या फलकावर ५ डिसेंबर २०१२ घ्याच. किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणूक येऊ द्यायची का, यावर लोकसभेत मतदान झालं होतं. विरोधकांचा ठराव २१८ विरुद्ध २५३ ने पडला. समाजवादी पक्ष आणि बसपा बाहेर निघून गेले म्हणून सरकार तरलं, असं आम्ही तेव्हा गाळ्यागाळ्यात बोलत होतो.

घाऊक बाजार नवी मुंबईत, माथाडी इथले, व्यापारी इथले, आणि खासदार सत्तेतल्या आघाडीचे. त्या दिवशी आमच्या पेढीवर टीव्ही चालू होता आणि तोलाईवाल्यापासून शेठपर्यंत सगळे उभे राहून बघत होते. पडद्यावर आकडा आला, पण आपला माणूस कुठल्या रकान्यात आहे ते कुणालाच दिसलं नाही. ते एकदा छापलेलं बघायचंय. लाल असो की हिरवं, भांडायला नाही, माहीत असावं म्हणून.

खाडीकाठ

दाणाबंदर, नक्की घेते. खरं तर असंच मत मला प्रत्येक फलकावर हवंय, जे इथल्या माणसाच्या पोटाशी किंवा देशाच्या सरकारशी थेट बांधलेलं आहे.

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून तारखा ठरवल्यात त्या अशा. म्हाळगींना ४४ वी घटनादुरुस्ती, घोलपांना ५२ वी. जगन्नाथ पाटलांची तारीख अजून ठरायची आहे. कापसे सरांना ७ नोव्हेंबर १९९०, ज्या दिवशी व्ही. पी. सिंग यांचं सरकार १४२ विरुद्ध ३४६ ने गेलं, आणि २८ जुलै १९९३, जेव्हा नरसिंह रावांचं सरकार २६५ विरुद्ध २५१ ने टिकलं. प्रकाश परांजप्यांना १७ एप्रिल १९९९, वाजपेयी सरकार एका मताने पडलं तो दिवस. आनंद परांजपे पोटनिवडणुकीतून नुकतेच गेले होते, त्यांना २२ जुलै २००८ चा विश्वासदर्शक ठराव. नाईकांना ५ डिसेंबर २०१२. विचारेंना २०१८ आणि २०१९ च्या वर आलेल्या तारखा, शिवाय १० ऑगस्ट २०२१, मागासवर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार परत देणारी घटनादुरुस्ती. ३८५ बाजूने, विरोधात एकही नाही, आणि मराठा आरक्षणाच्या संदर्भात आपल्याकडे तिची फार चर्चा होती. म्हस्केंना १७ डिसेंबर २०२४ आणि एप्रिल २०२५ चं वक्फ विधेयक, २८८ विरुद्ध २३२.

आता नेमकी मदत हवी आहे ती अशी. २००८ पासूनच्या याद्या मी आणि मंडळातली दोन मुलं मिळून काढतो. १९७८, १९८५, १९९०, १९९३ आणि १९९९ चे खंड स्कॅन केलेले आहेत आणि पानं अस्पष्ट आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी एकेक तारीख उचलावी. नावाची ओळ, वर कोणता रकाना आहे तो मथळा आणि खालची तळटीप, तिन्ही एकत्र दिसतील असा पानाचा फोटो इथे टाकावा. एक तारीख दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय मी फलकावर घेणार नाही.

कात्रणवही

१९९० आणि १९९३ माझ्याकडे. नाव 'कापसे, श्री राम' असंही छापलेलं असू शकतं आणि 'प्रा.' लावूनही, ते धरून शोधतो.

तीनहातनाका

१७ एप्रिल १९९९ मी घेतो. आणि म्हाळगींचे तारांकित प्रश्नही काढून देतो, ते फलकावर मतांच्या शेजारी लावा.

दाणाबंदर

मला स्कॅन वाचायला जमणार नाही, पण फलकांच्या छपाईचा खर्च मार्केटातून उभा करतो. फक्त फलकावर आमचं नाव नको.