ऊसतोड बायकांच्या मुलाखती : बारा जणींचं उत्तर एकच, आता काय करू?

वहीवाली
एमए समाजशास्त्र, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय ऊसतोड बायकांचं आरोग्य. बीडकडच्या टोळ्या उतरल्यात त्या तळावर १२ मुलाखती घेतल्या. टोळी आणणाऱ्या मुकादमानेच ओळखी करून दिल्या, खुर्ची टाकली, चहा पाजला. आजारपण? ‘काही नाही.’ मुकादमाचा त्रास? ‘छे, भाऊच हाय.’ बाराही जणींचं हेच. सर म्हणतात, मुलाखती सोडा, २०० प्रश्नावल्या भरून आणा, टक्केवारी काढा. परीक्षेत मुलाखतीचा पहिला गुण ‘सखोल माहिती मिळते’ असा घोकून लिहिलाय. ती सखोल माहिती आहे कुठे?

झिजलेल्या चपला
अहो, या बाराही मुलाखती मुकादमाच्याच झाल्या की! बोलल्या बायका, एवढंच. कोयता म्हणजे नवराबायको, आणि दोघांच्या नावची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली. ती फिटेपर्यंत त्याच्या चहाच्या कपासमोर कोण काय बोलणार?

माझी फजिती सांगते. छापील अनुसूचीत, म्हणजे आपण विचारून भरायच्या प्रश्नांच्या यादीत, ‘गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?’ असा प्रश्न होता. एक बाई ‘नाही’ म्हणाली, मी फुली मारली. संध्याकाळी तिच्याबरोबर वाढं (उसाचे शेंडे) बांधत बसले होते, तर ती शेजारणीला म्हणाली, ‘पिशवी काढल्यापासनं कंबर लई धरती.’ माझा शब्दच तिचा नव्हता. प्रश्नावलीत ती फुली तशीच राहिली असती. शिवाय वाचता न येणाऱ्या बाईची प्रश्नावली भरणार कोण, तिचा नवराच ना?

पण पुढचंही ऐका. ‘पिशवी’ शब्द सापडल्यावर मला चेव चढला. नंतर टेप ऐकली तर माझाच आवाज : ‘डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली असेल, हो ना?’ बाई बिचारी ‘हो’ म्हणाली. तीन मुलाखती टाकून द्याव्या लागल्या.

सरांचं अगदीच चूक नाही. २०१९ मध्ये बीडमध्ये सरकारी समितीपुढे ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीचा आकडा आला, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली. हे तुमच्या १२ मुलाखतींतून कधीच कळलं नसतं. पण पाळीत खाडा पडला तर पैसे कापतात, हे मला त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसूनच कळलं.

कोपीतला
माझ्या आईने १८ पट्टे, म्हणजे १८ हंगाम, ऊस तोडला. ताई, तुम्ही गेलात किती वाजता? पहाटे अंधारात फडात जायचं, संध्याकाळी येऊन भाकरी थापायच्या, रात्री गाडी भरायला हाक आली की पुन्हा उठायचं. त्यात तुमचे २४ प्रश्न. ‘काही नाही’ म्हणजे ‘आता जा’. तुम्ही खुर्चीवर, ती खाली, हेही बघा.

पट्टा संपला की गावाकडे जा. घर तिचं असतं, जीभ सुटते. पण तिथेही एक गोम आहे. आई आता म्हणते, ‘फडात बरं होतं बाई, सगळ्या संगं होतो.’ रडायची ते मी बघितलंय!

आणि योजना मिळणार नाही, हे आधीच सांगा. नाहीतर आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन रांग लागेल आणि प्रत्येकीला तीन-तीन आजार निघतील.

पुस्तकी किडा
सरांना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लापिएरचं १९३४चं काम दाखवा. चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर हिंडला, हॉटेलं-खानावळी मिळून २५१ ठिकाणी गेला, नकार फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी लिहिलं : चिनी गिऱ्हाईक घेणार नाही.

झिजलेल्या चपला
हा दाखला मुलाखतीलाही तेवढाच लागू आहे हं. तोंडी उत्तर म्हणजेही कृती नव्हे. म्हणून प्रत्येक मुलाखतीवर लिहून ठेवा : कुठे, किती वाजता, जवळ कोण बसलं होतं. त्या बारा जणींचीही वही फेकू नका. मुकादमासमोर सगळ्या एकच बोलल्या, हेही प्रबंधात येऊ द्या.

वहीवाली
काल गेले. खुर्ची नको म्हटलं, चुलीपाशी बसले. एकच बाई, दोन तास. पहिला तास तिनेच मला विचारलं : लग्न का नाही, वडील काय करतात. मग बोलली. लिहिताना हात थरथरत होता. निघताना मुकादमाने गाठलं : ‘काय काय सांगितलं हो तिनं?’ मी गप्प. पुन्हा विचारलं तर?

झिजलेल्या चपला
सांगा, ‘माझ्या लग्नाचं बोलत होतो.’ खोटंही नाही ते. आणि वहीतलं तिचं नाव आजच खोडा, टोळीचं गावसुद्धा.