मदत हवी आहे: इपॉक्सीची प्लेट फुगते, पण विरघळत नाही

जाळीदार

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रकल्पासाठी पुनर्वापर करता येईल असं इपॉक्सी बनवतोय. वापरात असताना ते नेहमीच्या इपॉक्सीइतकं दणकट हवं, आणि काम संपल्यावर रसायनात टाकून विरघळवता यायला हवं, म्हणजे आतले कार्बन फायबर न जाळता परत मिळतील.

रेझिन साधंच आहे, बिस्फेनॉल-ए चं डायग्लिसिडिल ईथर. हार्डनर, म्हणजे रेझिनला जोडून ते कडक करणारा घटक, ४-अमिनोफिनाइल डायसल्फाइड: दोन्ही टोकांना अमाइन आणि मधोमध गंधक-गंधक बंध. रेझिनचं इपॉक्सी समतुल्य वजन (एका इपॉक्सी गटामागचं वजन) १८७, हार्डनरचं सक्रिय हायड्रोजनमागचं (इपॉक्सीशी जोडणाऱ्या एका हायड्रोजनमागचं) ६२, म्हणून १०० भाग रेझिनला ३३ भाग हार्डनर. ही प्लेट डीएमएफ या द्रावकात डीटीटी (गंधकबंध तोडणारं थायॉल) घालून गरम केली की पूर्ण विरघळते. (ओरखडा पडला की तिथे हिरवट रंग येतो. निरुपयोगी, पण बघायला मजा येते.)

अडचण पुढची. या प्लेटचा टीजी (ज्या तापमानाला ती कडकपणा सोडून मऊ पडते) १३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि मार्गदर्शकांना तो वर हवाय. म्हणून सक्रिय हायड्रोजनच्या हिशेबाने अर्धा हार्डनर काढून तिथे डायअमिनोडायफिनाइलमिथेन, म्हणजे आपलं नेहमीचं डीडीएम घातलं. टीजी वाढला. पण आता त्याच द्रावणात प्लेट फुगते, जेलीसारखी होते आणि तिथेच अडकते.

निम्मे जोड तुटूनही जाळं उभं कसं राहतं? तुटणारा हार्डनर किमान किती ठेवावा लागेल? आणि टीजी वाढवायची दुसरी काही वाट आहे का?

खटपट्या

डीटीटी ताजं आहे का ते आधी बघा. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि मग ते काहीच करत नाही. नायट्रोजनखाली करा, आणि गंधकबंधांच्या मानाने भरपूर जादा घ्या. प्लेट जाड असेल तर द्रावण आत शिरायलाच वेळ लागतो, पूड करून पाहा.

जाळीदार

पूड करून पाहिली, तरी तेच. आणि शुद्ध डायसल्फाइडची प्लेट त्याच बाटलीतल्या डीटीटीने त्याच दिवशी विरघळते.

स्फटिका

मग डीटीटीचा दोष नाही. गणित तुमच्या विरुद्ध आहे.

तुमच्या हार्डनरच्या एका रेणूत चार सक्रिय हायड्रोजन, म्हणजे तो जाळ्यातली चार हातांची गाठ. मधला गंधकबंध तुटला की तिचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाला दोनच हात उरतात. दोन हातांचा अमाइन आणि दोन हातांचं इपॉक्सी मिळून सरळ साखळी होते, आणि सरळ साखळी विरघळते. तुमची पहिली प्लेट म्हणून विरघळली. डीडीएमला मध्ये तुटणारं काही नाही, त्याच्या गाठी चार हातांच्याच राहतात.

आता प्रश्न एवढाच की अशा किती गाठी उरल्या तर जाळं टिकतं. जाळं कधी सलग होतं ते सांगणाऱ्या फ्लोरी-स्टॉकमायरच्या पद्धतीने, इपॉक्सी आणि अमाइन समप्रमाणात धरून, सीमा अशी येते: p² × (१ + २r) = १. यात p म्हणजे क्युरिंग (रेझिन-हार्डनरची जोडणी) किती पूर्ण झालं, आणि r म्हणजे एकूण सक्रिय हायड्रोजनपैकी न तुटणाऱ्या हार्डनरचा वाटा. r = १ ठेवलंत तर p ५८ टक्के येतो. डायअमाइन-इपॉक्सीचा पुस्तकातला जेल बिंदू (जिथे सलग जाळं तयार होतं) तोच, म्हणजे समीकरण ताळ्यावर आहे.

तुमचा r = ०.५. त्यासाठी p येतो ७१ टक्के. म्हणजे अर्धं-अर्धं मिश्रण विरघळायला क्युरिंग ७१ टक्क्यांच्या आत थांबायला हवं, आणि इतकी कच्ची प्लेट कोणाला नको असते. क्युरिंग ९५ टक्के असेल तर डीडीएम साधारण ५ टक्केच चालेल, ९८ टक्के असेल तर जेमतेम २. पूर्ण क्युरिंगला शून्य. हे आदर्श जाळ्याचं गणित आहे, प्रत्यक्षात आकडे थोडे सरकतील, पण ५ चे ५० काही होत नाहीत.

फुगलेला गोळा धुऊन, वाळवून वजन करा. किती टक्के जेल उरलं ते कळेल. r चार-पाच पायऱ्यांनी बदलून त्याचा आलेख काढलात तर प्रबंधाचं एक चांगलं प्रकरण होईल.

कंपोझिटवाला

स्फटिकाताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. त्यात माझी एक भर. टीजी वाढवायचा म्हटलं की लोक चार हातांच्या इपॉक्सीकडे किंवा नोव्होलॅककडे (अनेक हातांच्या इपॉक्सीकडे) वळतात. तिकडे जाऊ नका. हार्डनरच्या सगळ्या गाठी सुटल्या तरी इपॉक्सीच्या बाजूच्या गाठी तशाच राहतात, आणि तुम्ही परत जेलीपाशी.

हात दोनच ठेवा, कणा ताठ करा. बिस्फेनॉल-ए च्या जागी नॅफ्थलीनचं किंवा फ्लुओरीनवर आधारलेलं डायइपॉक्सी घेतलंत तर साखळी कमी वळते आणि टीजी चढतो, तोडण्याचं गणित मात्र जागच्या जागी. फक्त ही रेझिन घट्ट असतात, फायबरमध्ये मुरवायला गरम करावी लागतील.

मार्गदर्शकांना एकदा विचाराच की त्यांना नक्की काय हवंय, मजबुती की उष्णतासहनता. टीजीच्या बऱ्याच खाली ताणाची ताकद टीजीवर फारशी अवलंबून नसते. वस्तू ८० अंशांवर वापरायची असेल तर १३० पुरे आहे, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

खटपट्या

डायसल्फाइड वापरताच कशाला? अॅसिटालचा (आम्लात तुटणारा) जोड असलेले हार्डनर आहेत की. रिसायक्लामिन नावाचं हार्डनर त्याच जातीचं. कोमट सौम्य आम्लात जाळं सुटतं, मग उदासीन करून थर्मोप्लास्टिक परत काढता येतं. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये जाहीर केलेली पवनचक्कीची पाती अशाच रेझिनची आहेत. डीएमएफ आणि थायॉलच्या वासातून तरी सुटाल.

जाळीदार

वासाबद्दल दुमत नाही, सगळं फ्यूम हूडमध्येच चालतं. पण प्रकल्पात गरम दाबून पुन्हा साचा घालणंही आहे. लाइब्लर यांच्या गटाने २०११ मध्ये एस्टरांच्या अदलाबदलीवर व्हिट्रिमर (गरम केल्यावर बंध अदलाबदल करून नवा आकार घेणारी जाळी) दाखवले तसं इथे गंधकबंधांच्या अदलाबदलीने करायचंय. अॅसिटालमध्ये ते इतकं सहज होणार नाही असं वाटतं. आणि डीडीएमवाली प्लेट दाबली तर?

स्फटिका

तीच सीमा तिथेही लागू. डीडीएमच्या गाठींचं स्वतःचं सलग जाळं असेल तर बाकीचे बंध कितीही अदलाबदल करोत, ताण शून्यावर येणार नाही. ताण-शिथिलनाचा (ताणून धरल्यावर ताण कसा ओसरतो त्याचा) प्रयोग करा, वक्र मध्येच सपाट होताना दिसेल. मात्र सीमेच्या अलीकडचं थोडं डीडीएम उपकारक ठरतं. वापरात भाराखाली वस्तू हळूहळू सरकणं ही व्हिट्रिमरची खोड त्याने जराशी आवरते.

जाळीदार

ताई, कंपोझिटवाले, खूप आभार. चौकशी केली, वस्तू १०० अंशांच्या वर जाणारच नाहीये. डीडीएम ५ टक्क्यांवर आणतो आणि फ्लुओरीनवालं रेझिन मागवतो. त्यात हार्डनरचं प्रमाण नव्याने काढावं लागेल ना?

कंपोझिटवाला

अर्थात. नव्या रेझिनचं इपॉक्सी समतुल्य वजन डब्यावरच्या कागदावर असेल, ६२ ला त्याने भागा आणि १०० ने गुणा. ते वजन १८७ पेक्षा जास्त असतं, त्यामुळे हार्डनर ३३ भागांपेक्षा कमी लागेल.