ध्यानाला बसायला साधं लाकडी आसन घरीच करायचंय, उंची आणि उतार किती ठेवायचा?

संथ_श्वास
मांडी घालून बसलं की थोड्या वेळाने कंबर मागे सरकते, पोक येतो आणि मग सगळं लक्ष पाठीतच. घोंगडीच्या घड्या, उशी, लोड सगळं करून झालंय. आता ते गुडघ्यांवर बसायचं छोटं लाकडी स्टूल असतं ना, ज्याच्याखाली पोटऱ्या जातात आणि वजन टाचांवर न येता सीटवर येतं, तसलं करावं म्हणतोय. हातकरवत, ड्रिल, गुण्या आणि दोन क्लॅम्प एवढंच आहे, मोठं मशीन नाही. नेटवर प्रत्येकजण वेगळं माप सांगतो. उंची किती, पुढे उतार हवाच का, आणि पाय सीटच्या टोकाला लावायचे की आत?

रंधा_करवत
वेगळं माप सांगतात कारण माप लाकडाचं नसतंच हो, तुमच्या नडगीचं आणि घोट्याचं असतं. आधी कागदावर काही काढू नका. ज्या सतरंजीवर किंवा मॅटवर रोज बसणार त्यावरच वज्रासनात बसा, दोन टाचांच्या मधे जाड पुठ्ठ्याची पुस्तकं रचा आणि त्यावर बसा. एकेक वाढवत जा. कमी असली की टाचा दबतात आणि कंबर गोल होते, जास्त झाली की अंग पुढे कलंडतं आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मधे कुठेतरी एक उंची अशी येते की पाठ आपोआप उभी राहते, ताणावी लागत नाही. तिथे थांबा, थोडा वेळ तसेच बसून बघा आणि मग चवड मोजा.

समजा चवड १८.५ सेंटिमीटर भरली. फळी २ सेंटिमीटर जाड असेल तर ती वजा करा, उरले १६.५. ही पायाची मधली उंची. उतार हवाच, त्यानेच ओटीपोट पुढे झुकतं आणि कंबरेचा नैसर्गिक बाक टिकतो, सपाट सीटवर तुम्ही परत मागे कलणार. १८ सेंटिमीटर खोलीच्या (म्हणजे पुढून मागेपर्यंत) सीटला पुढे-मागे ३ सेंटिमीटरचा फरक ठेवा, म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास येतं. तर पाय पुढे १५ आणि मागे १८.

आता यातली गंमत. दोन पाय वेगवेगळे कापत बसू नका. १८ सेंटिमीटर रुंद फळीचा ३३ लांबीचा तुकडा घ्या (१५ अधिक १८), एका कडेवर डावीकडून १५ ला खूण, समोरच्या कडेवर डावीकडूनच १८ ला खूण, दोन्ही जोडा आणि त्या तिरक्या रेषेवर एकच काप मारा. उजवा तुकडा जमिनीवरच अर्धा फिरवा, तो डाव्याचा जुळा भाऊ निघतो. करवतीत मिलिमीटर-दोन जातात पण दोन्हीकडून सारखेच, म्हणून डुगडुगत नाही. आणि मुद्दाम लाकडाच्या अंगच्या रेषा (तंतू) लांबीच्या दिशेने असलेला तुकडा घ्या, म्हणजे पायात लाकडाच्या रेषा उभ्या येतील. आडव्या आल्या तर पाय रेषेवर चिरतो, बसताना जरा तिरका जोर आला तरी पुरे.

कापलेली तिरकी बाजू वर, सीटखाली. कारखान्याची सरळ बाजू जमिनीला. ५० ची सीट धरली तर ९० सेंटिमीटरच्या एका फळीत सगळं बसतं आणि वर थोडं उरतं.

पाय टोकाला नको, दोन्हीकडून ५ सेंटिमीटर आत घ्या. मधे ३६ ची मोकळी जागा मिळते, बहुतेकांना पुरते. तरी वज्रासनात असताना दोन्ही पावलांची बाहेरून रुंदी कोणाकडून तरी मोजून घ्या आणि त्यात चार बोटं मिळवा. यापेक्षा आत घेतले तर मात्र कडेला वजन पडलं की उलटेल.

गुडघे_आधी
वरचं सगळं बरोबर पण एक राहिलं, आसनापेक्षा खालचं अंथरूण महत्त्वाचं. गुडघे आणि पावलांचा वरचा भाग थेट फरशीवर टेकला तर उंची कितीही परफेक्ट असू दे, बसवणार नाही. घोटा पूर्ण सरळ होत नसेल तर त्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवा, लगेच फरक कळतो. मुंग्या येणं आणि दुखणं यात गल्लत करू नका. मुंग्या बसण्याची जागा थोडी बदलली की जातात. पण गुडघ्याच्या आत कळ येत असेल तर उठा, रेटू नका, अशांनी सरळ खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसावं, ध्यान तिथेही होतं. सीटच्या सगळ्या कडा गोल करायला विसरू नका, पुढची तर नक्कीच, मांडीला खालून रुतते.

एकपायी
माझं मत वेगळं. दोन पायांच्या भानगडीत कशाला पडता, मधे एकच रुंद पाय लावा, इंग्रजी टी सारखा. पोटऱ्या दोन्ही बाजूंनी जातात, माप जुळवायची कटकट नाही आणि जरा तोल सांभाळायला लागत असल्याने डुलकी लागत नाही. उतार पण ठरवावा लागत नाही, खालची कड किंचित गोल केली की तुमच्या अंगाप्रमाणे झुकतं.

रंधा_करवत
@एकपायी नवीन माणसाला तोल सांभाळायचं अजून एक काम कशाला. शिवाय उठलं की ते आडवं पडणार. सवय असलेल्याला चांगलंय, नाही म्हणत नाही.

संथ_श्वास
पुस्तकांची चवड करून बघितली, माझी १७ च्या आसपास येतेय. पाय जोडायचे कसे? वरून सीटमधून सरळ स्क्रू मारले तर चालतील? आणि फळी नाही मिळाली तर १८ एमएम प्लायवूड आहे पडून. घडीचं करता आलं तर अजून बरं, प्रवासात नेता येईल.

रंधा_करवत
नुसते वरून मारू नका. पायात रेषा उभ्या, म्हणजे स्क्रू रेषेच्या टोकात शिरणार आणि तिथे पकड सगळ्यात कमी. सरळ खाली बसलात तर काही होत नाही, वजन दाबूनच धरतं, पण उठताना माणूस एका बाजूला रेलतो, तिथे तो सांधा हळूहळू ढिला होतो. मधे आडवी पट्टी टाकायचीही सोय नाही कारण तिथूनच पोटऱ्या जातात.

म्हणून पायाच्या बाहेरच्या अंगाला, सीट आणि पायाच्या कोपऱ्यात अडीच बाय अडीच सेंटिमीटरची पट्टी द्या. अर्धे स्क्रू पट्टीतून वर सीटमध्ये, अर्धे आडवे पायात, समोरासमोर येऊ देऊ नका, आत एकमेकांना भिडतात. ४ सेंटिमीटरचे घ्या, त्याहून लांब घेतलेत तर वरून टोक डोकवेल. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टीच फाटेल. गोंद फक्त पट्टीच्या मधल्या भागाला लावा. फळी हवेप्रमाणे रुंदीत फुगते-आकसते, पूर्ण चिकटवलीत तर कधीतरी तडा जाईल.

प्लायवूड चालेल. ते असं फुगत नाही, त्यामुळे पट्टी पूर्ण चिकटवा. फक्त त्याच्या कडेत स्क्रू मारू नका, थर सुटतात. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) मात्र नको. तुमचं माप: १७ वजा १.८ म्हणजे १५.२, तर पुढे १३.७ आणि मागे १६.७, तुकडा ३०.४ लांब आणि १८ रुंद.

घडीच्या नादाला पहिल्याच खेपेला लागू नका. बिजागरी आतल्या बाजूला लागते आणि मग बाजूला रेललं की पाय आत मिटायला बघतो. करायचंच तर पाय किंचित बाहेर फाकवा म्हणजे वजनाने ते अजून बाहेर रेटले जाऊन सीटला अडून राहतात. पण त्यासाठी वरची कड दोन दिशांना तिरकी कापावी लागते, हातकरवतीने वैताग आहे.

तेलपाणी
फिनिशिंगला चकचकीत पॉलिश नको, उतार असल्याने कपडा घसरतो. आधी ८० मग १२० मग २२० नंबरचा सँडपेपर, शेवटी जवसाचं तेल पातळ लावून पुसून घ्या. ते तेलकट फडके मात्र चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं स्वतःहून पेटू शकतं. पसरून बाहेर वाळवा, मग फेका.

संथ_श्वास
फडक्याचं माहीतच नव्हतं. रविवारी प्लायवूडचंच करतो, घडी नाही. सीटवर फोम लावला तर उंचीत धरायचा का?

रंधा_करवत
धरायचा, पण दबल्यावर जेवढा उरतो तेवढाच. चवडीवर तोच फोम ठेवून त्यावर बसा, अंगठ्याने चाचपून अंदाज घेऊ नका. मग फोम काढून फक्त पुस्तकं मोजा, तो आकडा वापरा.