मदत हवी आहे : रंगाचे पोपडे निघताहेत, गणपतीआधी काम उरकायचंय

हिरवाचाफा
आमच्याकडे गणपतीआधी घराला रंग काढायचा रिवाज आहे, आजोबांपासून चालत आलेला. मागच्या वेळी चांगला महागातला, धुता येणारा रंग लावला, तर एक पावसाळा धड गेला नाही. हॉलच्या भिंतीला खालून पोपडे आलेत. हात लावला की पांढरी पूड लागते. एक पेंटर म्हणतो खरवडून पुट्टी मारतो, वर डँप-प्रूफचे दोन हात, पाच वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो वॉलपेपर लावा. मटेरियल कोणतं घ्यावं आणि स्क्वेअर फुटाचा भाव काय चाललाय एवढंच हवंय. गणपतीआधी व्हायला पाहिजे. प्लीज लवकर सांगा.

ठाणेकर काका
भाव कुठला सांगू? ठाण्याचा, नागपूरचा, की दुबईचा? गावाचं नाव नाही, घर केवढं ते नाही. आणि पेंटर भिंतीचं माप धरतो की कार्पेटचं, म्हणजे आतल्या फरशीचं, ते आधी विचारा. छत धरून कार्पेटच्या साधारण तीन-साडेतीनपट भिंती भरतात. भाव ऐकून खूश होतात लोक आणि बिल आलं की भांडतात. खिडक्या-दारांचं माप वजा करणार का, हेही आधीच ठरवून घ्या.

सिव्हिलवाली
भावाचं नंतर बघू. कितवा मजला? त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे, बाथरूम की बाहेरची बाजू? पोपडे जमिनीपासून किती उंचीपर्यंत? पांढरी पूड म्हणजे रंगाची भुकटी की मिठासारखी? जिभेला लावून बघू नका, बोटावर चोळून बघा.

सेक्रेटरी_बी_विंग
बाहेरून पाणी येत असेल तर स्वतःच्या खिशातून एक पैसा घालू नका. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं हा सोसायटीचा खर्च आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इमारत १५ वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का तेही विचारा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी.

वास्तुप्रेमी
भिंत नैर्ऋत्येला असेल तर फिकट पिवळा टाळा.

हिरवाचाफा
सोसायटी नाहीये हो. गावचं घर आहे, गुहागरजवळ. आम्ही डोंबिवलीत असतो, गावी काका-काकू. पलीकडे बाथरूम नाही, बाहेरचीच भिंत. पोपडे कमरेपर्यंत, वर भिंत एकदम स्वच्छ. पूड मिठासारखी, बारीक. वास्तू नकोय, रंगाचं सांगा.

सेक्रेटरी_बी_विंग
घर गावचं असेल तर उपविधींचा मुद्दा उरत नाही.

खळ्यातला
गुहागर म्हटल्यावर राहवेना. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आहे ना? आणि गिलावा कशाचा, चुन्याचा की शिमिटाचा? आधी चुना काढत होतात की नाही?

हिरवाचाफा
हो, चिऱ्याचंच, तिकडे दुसरं काय असणार. आधी दरवर्षी गणपतीला चुनाच काढायचे, नीळ घालून. मागच्या दुरुस्तीत जुना गिलावा ठिकठिकाणी सुटला होता म्हणून सगळा काढून सिमेंटचा केला. मग पुट्टी, प्रायमर, दोन हात इमल्शन, म्हणजे तोच धुता येणारा रंग. सगळं व्यवस्थित पद्धतशीर.

खळ्यातला
झालं. तिथेच कळलं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. वर चुना असला की ओल बाहेर निघून जाते, उडाला तर पुढच्या गणपतीला परत एक हात. म्हणून तर आपल्याकडे दरवर्षी काढत होते. हौस म्हणून नव्हे, चुना झिजतोच. तुम्ही वरून प्लास्टिक गुंडाळलंत. ओल जाणार कुठे? ती रंगाला ढकलणार.

बे एरिया बंड्या
पेंटरच्या मागे का लागता? आम्ही इथे अमेरिकेत शुक्रवारी संध्याकाळी फर्निचर मधोमध ओढतो, कडांना टेप लावतो आणि रविवार दुपारपर्यंत दोन खोल्या होतात. बायको रोलर, मी कोपरे. फक्त घर १९७८ च्या आधीचं असेल तर जपून, तेव्हापर्यंत रंगात शिसं असायचं.

सिव्हिलवाली
बंड्या, तुझ्या भिंती जिप्सम बोर्डच्या. आत लाकूड आणि हवा. इथे दीड फुटी चिरा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. टेपने काय होणार?
शिशाचं मात्र बरोबर बोललास. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे जुन्या घरातल्या दारं-खिडक्यांवरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. पॉलिश पेपर ओला करून घासा, पोरांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा.
हिरवाचाफा, काकांना एक करायला सांगा. पोपडे खरवडलेल्या जागी फूटभर चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचं. एक दिवस-रात्र जाऊ द्या. मग थेंब भिंतीकडच्या बाजूला आहेत की खोलीकडच्या, ते कळवा. खोलीकडे असतील तर घरातली दमट हवा. भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय.

केमिकल_किंग
एवढा खटाटोप कशाला! आतून इपॉक्सीचा कोट मारा, विषय संपला. आमच्या चिपळूणच्या साइटवर केलंय. तीन वर्षं टकाटक.

खळ्यातला
तीन वर्षांनी काय झालं तेही सांगा की.

केमिकल_किंग
तीन वर्षंच झालीत करून. चुना-चुना करणाऱ्यांनी पोरांच्या शाळेच्या गणवेशाला भिंत घासली की काय होतं ते आठवावं. सगळी पाठ पांढरी.

सिव्हिलवाली
आतून इपॉक्सी मारलं तर पाणी थांबत नाही, वर चढतं. आज कमरेपर्यंत आहे, उद्या खिडकीपर्यंत जाईल. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूला अडवायचं असतं.

ठाणेकर काका
रंगाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या लहानपणी एशियन पेंट्सच्या डब्यावर गट्टू नावाचा पोरगा असायचा, हातात ब्रश आणि कपाळावर बट. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला. दिवाळीआधी वडील तो डबा आणायचे आणि रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. आता डब्याच्या झाकणात कूपन असतं, तेही पेंटर काढून घेतो.

नीलपरी
काका!! गट्टू!!! आमच्या गच्चीत अजून आहे एक गंजलेला डबा. फोटो टाकते.

हिरवाचाफा
गट्टूचा वेगळा धागा काढा ना प्लीज. काकांनी प्लास्टिक लावलं होतं. थेंब आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे. भरपूर. आता काय? आणि अजून एक, गणपती ह्याच भिंतीशी बसतो, म्हणून घाई आहे.

सिव्हिलवाली
म्हणजे पाणी भिंतीतून. आता बाहेरून काय आहे ते सांगा. छपराचं पाणी कुठे पडतं? भिंतीला लागून झाडं, टाकी, मोरी, काही?

हिरवाचाफा
काही नाही. अंगण आहे फक्त.

खळ्यातला
अंगण मातीचं, शेणाने सारवलेलं?

हिरवाचाफा
नाही, चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉक घातले. छान दिसतं आता. गाडी दारापर्यंत येते.

सिव्हिलवाली
कधी घातले? आणि ब्लॉक घराच्या जोत्याच्या खाली आहेत की जोतं बुडलंय?

हिरवाचाफा
रंगाच्या नंतर लगेच घातले. खाली भर घालून घेतली होती. काकांना विचारलं, ते म्हणतात पूर्वी पडवीला दोन पायऱ्या चढायला लागायच्या, आता एकच उरलीय. पण त्याचा हॉलच्या आतल्या रंगाशी काय संबंध?

खळ्यातला
अहो ताई/दादा जे कोण असाल ते, सगळा संबंध तिथेच आहे. पागोळीचं पाणी आता ब्लॉकवर पडतं, तिथून उडून भिंतीवर. उतार घराकडे असेल तर साचतं पण. पूर्वी मातीत चर असायचा, पाणी माडाकडे जायचं. जोत्याचा चिरा वारा खायचा. आता तो जमिनीत गेला.

सिव्हिलवाली
खळ्यातले बरोबर आहेत, फक्त सगळा दोष इमल्शनला देऊ नका. नुसतं इमल्शन असतं तर काही ठिकाणी फुगे आले असते. कमरेपर्यंत सरळ रेषेत लोणा (क्षाराची पांढरी पूड) लागलाय म्हणजे जमिनीतून ओल चढतेय. पाणी येताना क्षार घेऊन येतं, पृष्ठभागाशी सुकतं, क्षाराचे खडे होतात आणि तेच खडे रंगाला आणि पुट्टीला आतून फोडतात. वर कोणता रंग लावलाय याला फार किंमत नाही.

गणपतीपुरतं असं करा. सुटलेलं सगळं खरवडून काढा, अगदी घट्ट भागापर्यंत. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका, धुतलं की परत आत मुरतात. झाडलेलं केराच्या टोपलीत टाका, भिंतीच्या कडेला लोटू नका. पुट्टी नको. पाच वर्षं बघायला नको म्हणणाऱ्या पेंटरला नमस्कार करा. मखराच्या मागे पडदा सोडा, भिंतीपासून चार बोटं पुढे, हवा खेळू दे.

खरं काम थंडी-उन्हाळ्यात. भिंतीलगतचे ब्लॉक हातभर रुंदीने काढा, जोत्याचा चिरा उघडा पडेपर्यंत भर उपसा, तिथे खडी भरा आणि पाणी अंगणाबाहेर जाईल असा उतार द्या. छपराला पन्हळ लावा. आतून कमरेच्या थोडं वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करा. मग सुकू द्या. किती दिवस ते विचारू नका, प्लास्टिक लावून बघत राहा. थेंब दिसेनासे झाले की रंग.

केमिकल_किंग
म्हणजे भिंत फोडा, अंगण फोडा. माझ्या एका डब्यात झालं असतं.

हिरवाचाफा
ब्लॉक काढायला काका तयार होतील असं वाटत नाही, हौसेने घातलेत त्यांनी. फक्त पन्हळ लावली तर चालेल का? आणि आत्ता खरवडलेल्या भागावर चुना मारला तर? निदान पांढरं दिसेल.

खळ्यातला
मारा की. पण जिथे इमल्शन शाबूत आहे तिथे चुना धरणार नाही, दोन दिवसांत पापुद्रा होऊन पडेल. फक्त उघड्या गिलाव्यावर, तो आधी पाण्याने जरा ओलसर करून. चुनकळी (न विझवलेला चुना) आणून आदल्या रात्री पिंपात विझवा, चुन्यात पाणी नव्हे, पाण्यात चुनकळी टाकायची, तोंड लांब ठेवून. डोळ्यांत उडाला तर फार वाईट. सकाळी फडक्याने गाळा, मूठभर मीठ आणि थोडी नीळ. पातळ दोन हात द्या. दाट एक हात दिलात तर पावडर होऊन पडणार.

सिव्हिलवाली
मी आत्ता सांगितलं क्षार काढा, तुम्ही भिंतीवर मीठ लावताय? मीठ ओल ओढतं.

खळ्यातला
आमच्या आजीपासून घालतोय.

सिव्हिलवाली
आजीच्या भिंतीला पेव्हर ब्लॉक नव्हते. इथे मीठ वगळा, डिंक घाला थोडा. आणि नुसत्या पन्हळीने थोडा फरक पडेल, पूर्ण नाही. उडणारं पाणी थांबेल, जमिनीतून चढणारं चढतच राहील. काकांना सगळं अंगण नको म्हणावं, भिंतीलगतची एकच ओळ काढा. तिथे खडी घालून वर कुंड्या ठेवल्या तर दिसायलाही वाईट नाही. गाडी काही भिंतीला घासून लावत नसतील ना?

नीलपरी
चुनकळी डोंबिवलीत कुठे मिळते? मलाही हवीय.

ठाणेकर काका
पानवाल्याकडे विचारू नका म्हणजे झालं. जुन्या हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, पण कळी बघून घ्या. हवेत भुकटी झालेली असेल तर ती विझलेलीच आहे, पैसे देऊ नका. आणि हिरवाचाफा, भावाचं विचारलं होतंत ना? खरवडायची मजुरी वेगळी ठरवा, स्क्वेअर फुटात धरू देऊ नका.

हिरवाचाफा
ठीक. काकूंशी बोलले, एक ओळ काढायला काकांना त्या राजी करतील म्हणाल्या. पुट्टीवाल्या पेंटरला नकार कळवलाय. तो म्हणतो मग ॲडव्हान्स परत मिळणार नाही.