तुरीचं कुटार, सोयाबीनचं भुसकट, मक्याची ताटं: शेळ्यांचा खुराक कसा बसवावा?

रानपाखरू:
२० शेळ्या, सरासरी ३० किलोच्या, त्यात ६ गाभण. तुरीचं कुटार, सोयाबीनचं भुसकट, मक्याची वाळलेली ताटं भरपूर आहेत. हरभऱ्याची चुनीही (डाळ भरडताना निघणारा चुरा) मिळते. सगळंच युरिया मारून मुरवावं का? नुसतं टाकलं तर पाला वेचतात, काड्या गव्हाणीत तशाच.

चाराकुट्टी:
सगळ्याला नको. तूर, सोयाबीन द्विदल आहेत, त्यांच्या कुटारात प्रथिनं मक्याच्या ताटांपेक्षा मुळातच जास्त. मुरवायची ती ताटं.

२ सेंमी कुट्टी करा. १०० किलो वाळलेल्या कुट्टीला ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पुरता विरघळू द्या, खडा राहिला तर तो नेमका एकाच शेळीच्या पोटात जातो. कुट्टीचा थर, त्यावर झारीने हे युरियाचं पाणी, पायाने तुडवणं, पुन्हा थर. वरून प्लास्टिक, कडा मातीने दाबून २१ दिवस बंद. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आणि पिवळसर-तपकिरी रंग आला तर जमलं. कुबट वास किंवा बुरशी दिसली तर तेवढा भाग उकिरड्यावर. रोजच्यापुरतं काढा, वास उडेपर्यंत पसरून ठेवा, मगच द्या. सहा महिन्यांखालच्या करडांना अजिबात नाही. आणि युरियाच्या पाण्याची बादली उघडी सोडू नका. तहानलेली शेळी त्यात तोंड घालते. पोट फुगतं, थरथर सुटते आणि डॉक्टर येईपर्यंत हाती काही राहत नाही.

गव्हाण:
काड्यांचं म्हणाल तर शेळी निवडखोरच. १५-२० टक्के उष्टं राहणारच, ते संपवायला उपाशी ठेवू नका. ३० किलोच्या शेळीला दिवसाला एक ते सव्वा किलो सुका आहार धरा, त्यात २०० ते २५० ग्रॅम खुराक, बाकी कुटार आणि कुट्टी. शेवटच्या दीड महिन्यात गाभणीला १०० ग्रॅम वाढवा.

१०० किलो खुराक: मक्याचा भरडा ३०, चुनी ३५, शेंगदाणा पेंड १५, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २, मीठ १. भरडा रव्यासारखा जाडसर हवा. पिठासारखा झाला की नाकात जातो, पोटही आंबतं. कुटारावर पातळ गुळाचं पाणी शिंपडून कालवा, वेचावेची कमी होते. पण त्याच दिवसापुरतंच, ओलं उरलं की बुरशी.

रानपाखरू:
पेंड महाग पडते. कोंडा वाढवला तर?

गव्हाण:
बोकड असतील तर नकोच. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त, कॅल्शियम कमी; मूत्रमार्गात खडे होतात. बोकड लघवीला ताणतो, थेंब थेंब पडतो, ही खूण. पेंड कमी करायची तर हिरवा सुबाभूळ पाला द्या, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. शेंगदाणा पेंडीला कुबट वास असेल तर ती घेऊच नका. धुऊन-वाळवून बुरशीचं विष जात नाही.

चाराकुट्टी:
एक राहिलं. नवा खुराक पहिल्या दिवशी ५० ग्रॅमच, मग १० ते १५ दिवसांत पूर्ण मापावर. एकदम वाढवला की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष होण्याचा रोग, आणि त्यात आधी जातात ती धष्टपुष्ट करडंच. त्याची लस आधी टोचून घ्या.